तीन दिव्यांची परीक्षा

शेजारच्या गोदामावर आणखी एक मजला चढला आणि थोरलीच्या खोलीतला उजेड गेला. खिडकी जागच्या जागी होती, पण उघडली की हातभर अंतरावर सिमेंटची भिंत, आणि तिच्यावर कुणा गवंड्याने खडूने काढलेला वर जाणारा बाण. बाकी देखावा संपला.

उजेड गेला एकीच्या खोलीतला, भांडणं मात्र घरोघरी पोचली. थोरली एकाहत्तर वर्षांची, बिनलग्नाची, जमीनमोजणीच्या कचेरीत चौतीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेली. आता तिला एकच नाद होता, लेस विणायचा. भुसा ठासून दगडासारखी केलेली गोल उशी, तिच्यावर भोकं पाडलेला नक्षीचा कागद, भोकाभोकांत टाचण्या, आणि उशीच्या कडेने लोंबणाऱ्या बोटाएवढ्या शेहेचाळीस दांड्या. या दांड्या म्हणजे बॉबिन. प्रत्येकीवर दोरा गुंडाळलेला, प्रत्येकीच्या बुडाशी वजनाला मणी. शेजारच्या दोन जोड्यांतले मधले दोरे एकमेकांवरून नेले की फुली. जोडीतल्या जोडीत फिरवले की पीळ. सगळी लेस या दोन गोष्टींनी होते. आपल्या घरातलं सगळंही, थोरली म्हणायची.

घोळ झाला तो बॉबिनमुळे. घरात कुणी जन्मलं किंवा लग्न करून आलं, की त्या माणसाच्या वापरातल्या वस्तूची एक बॉबिन कातून घ्यायची, ही थोरलीची हौस. तिच्या पाठच्या भावाचं चष्म्याचं दुकान, म्हणून त्याची बॉबिन शिंगाच्या फ्रेमच्या काडीची. धाकटी बहीण मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, तिची लाकडी पट्टीतून कातलेली, अजून तिच्यावर सेंटिमीटरच्या चार रेघा होत्या. धाकटीचा नवरा सोळा वर्षांपूर्वी पत्र टाकायला म्हणून बाहेर पडला तो अजून टाकतोच आहे, पण त्याच्या काठीची बॉबिन उशीवर रोज हजर. वारलेलेही कामाला होतेच. "मेलात म्हणून सुट्टी नाही," थोरली त्यांना सांगायची.

त्यामुळे कुणीही खोलीत आलं की आधी उशीकडे बघायचं. आपण कुणाशेजारी आहोत? कडेला का? "ताई, मागच्या आठवड्यात मी मध्ये होतो," चष्मेवाला कुरकुरायचा. "अरे, ती नक्षी आहे, कोर्ट नाही," ती म्हणायची. कुणाला पटायचं नाही. दर चौथ्या ओळीला धाकटीची आणि तिच्या नवऱ्याची बॉबिन शेजारी यायची, तेव्हा धाकटी उठून व्हरांड्यात जायची आणि ओळ संपली की हाक मारायला सांगायची.

मग भिंत चढली, आणि थोरलीला कुणाच्या घरी न्यायचं यावरून दोन तट पडले. ज्याच्या घरी उशी, तो मध्यभागी. असं कुणी बोललं नाही, पण समजत सगळ्यांना होतं.

*

रविवारी दुपारी अडीचला सभा भरली. धाकटीने आल्या आल्या सगळ्यांचे फोन गोळा केले, बिस्किटांच्या डब्यात टाकले आणि डब्यावर स्वतः बसली.

"अगं, फोन कशाला?" चष्मेवाला म्हणाला.

"परीक्षेत फोन नसतो, दादा."

"परीक्षा कुणाची?"

"दिव्यांची." तिने पर्समधून कागद काढला. नियम शाळेच्या शिक्क्याखाली टाईप करून आणले होते. प्रत्येक घराने आपला दिवा आणायचा. प्रत्येक दिव्याखाली थोरलीने वीस मिनिटं लेस करायची. ज्या प्रकाशयोजनेखाली सर्वांत जास्त आणि बिनचूक लेस होईल, ती प्रकाशयोजना थोरलीला कायमची लागू. दिवा ज्याचा, घर त्याचं. खाली सह्यांसाठी जागा.

"आणि मला काय वाटतं, ते कुठल्या कलमात आहे?" थोरलीने उशीमागून विचारलं.

"ताई, तू परीक्षेचं माध्यम आहेस," धाकटी म्हणाली. "माध्यमाला मत नसतं."

खिडकीवर तिने आधीच जाड घोंगडी ठोकून घेतली होती. उरलासुरला उजेड कुणाच्या दिव्याला फुकट मिळू नये म्हणून. दारालाही आतून टेबल लावलं होतं. तिचा स्वतःचा दिवा शिक्षकांच्या खोलीतला, लोखंडी, हिरव्या टोपीचा. "याच्याखाली बावीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यात. एक कानामात्रा निसटलेला नाही."

"म्हणजे हा दिवा घरी आणणं चोरी नाही का?" चष्मेवाल्याच्या सुनेने विचारलं. ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती, शब्द थोडे आणि टोकदार वापरायची.

"उसना," धाकटी म्हणाली. "तू स्टॉपवॉच धर. तटस्थ माणूस म्हणून तुला बोलावलंय."

चष्मेवाल्याने दुकानातलं भिंगाभोवतीचं गोल दिव्याचं यंत्र आणलं होतं. त्याला वाटत होतं, निकाल लागलाच. थोरलीचे चारही चष्मे त्यानेच केलेले. बहिणीचे डोळे म्हणजे त्याचा प्रांत. आणि मुलगा आपल्या बाजूचा आहे, हे तर त्याने गृहीतच धरलं होतं. तेवढ्यात मुलगा, जो वायरमन होता, दारातून टेबल सरकवत काहीतरी पिवळं, चाकांवरचं, ओढत आत आला.

"हे काय?"

"बोगद्यातला दिवा. कामावरून आणलाय." त्याने बापाची नजर चुकवली. "आमच्या गच्चीवरची खोली रिकामीच आहे, बाबा. म्हटलं, मोठी आत्या आमच्याकडेच..."

"गच्चीवरच्या खोलीत माझे कपडे वाळतात," त्याची बायको म्हणाली.

"पावसात."

"पाऊस वर्षातले चार महिने असतो."

तिने स्टॉपवॉच उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं आणि सरकून धाकटीशेजारी बसली. अशा रीतीने परीक्षा सुरू होण्याआधीच एक तट फुटून तिसरा झाला आणि तटस्थ माणूसही गेलं.

*

थोरली खुर्चीत ताठ बसून सगळं ऐकत होती. ऐकतच होती. गेलं दीड वर्ष तिला समोरचं दिसत नव्हतं. जिकडे बघावं तिथे मधोमध राखाडी डाग, आणि डागाच्या कडेने जग थोडंसं. धाकटीचं तोंड नाही, कान दिसायचे. दोन डॉक्टर करून झाले, तिने एकटीने, कुणाला न सांगता. दोघांनी सांगितलं, आता चष्म्याचा उपयोग नाही.

लेस मात्र थांबली नव्हती. शिंगाची बॉबिन गार लागते. पट्टीवरच्या रेघा नखाला कळतात. काठीचा मणी जरा टवका उडालेला. शेहेचाळीस माणसं तिला बोटांना ओळखू येत होती, तोंडं बघायची गरज कधीच संपली होती. कागदातलं भोक नखाने चाचपायचं, टाचणी खोचायची. या खोलीत तिला काही अडत नव्हतं. खुर्चीपासून दार सहा पावलं, कपाटाचा कोपरा कंबरेला, पाण्याचा तांब्या उजव्या हाताशी. हे धाकटीला कळलं तर ती त्याच संध्याकाळी तिला आपल्या काचेच्या व्हरांड्यात नेऊन बसवेल आणि वेळापत्रक भिंतीवर लावेल, जे थोरलीला वाचता येणार नाही.

परीक्षेला नाही म्हणावं तर संशय. म्हणून तिने सही केली. धाकटीने बोट ठेवून जागा दाखवली होती, हे बरं झालं.

"सुरू!" सून म्हणाली.

हिरव्या टोपीचा दिवा लागला. वाईट हे, की आता सगळे तिच्याकडे बघत होते. बघणाऱ्यांसमोर बघण्याचं नाटक करायचं होतं. मान खाली घाल, डोळे बारीक कर, दर दोन टाचण्यांनी चष्मा वर सरकव. या सगळ्या उचापतीत हात मागे पडायचे. फुली. पीळ. चष्मा. फुली. मान.

"वेळ संपली!"

"सात मिलिमीटर," चष्मेवाला डोळ्याला भिंग लावून वाकला. "चुका दोन."

"दाखव," धाकटी म्हणाली. ती साठीला आली तरी चष्मा लावत नव्हती. दोन इंचांवरून तिने लेसकडे टक लावली. "हं. लख्ख दिसतायत. पण त्या आधीपासूनच्या असतील."

गोल दिव्याखाली सहा मिलिमीटर झाले. भिंग मध्ये आल्याने थोरलीच्या हातांना उशीच सापडेना. "ताई, भिंगातून बघ ना," चष्मेवाला काकुळतीला आला. "बघतेय रे," थोरली भिंगाच्या मागच्या स्क्रूकडे तोंड करून म्हणाली. या फेरीच्या चुका धाकटीने मोजल्या, कारण स्वतःच्या दिव्याला स्वतः गुण द्यायचे नाहीत असं कलम होतं. तिने अकरा मोजल्या. त्यातल्या सात टाचण्या होत्या.

बोगद्यातल्या दिव्याने तर खोली भट्टीसारखी तापली. वायरमन घामाने निथळत म्हणाला, "बघा, सावली म्हणून उरली नाही." उशीही उरली नाही, त्याची बायको म्हणाली, नुसता पांढरा गोळा दिसतोय. आठ मिलिमीटर, चुका तीन.

"आठ!" वायरमनने मूठ वर केली.

"चुका तीन!"

"सात मिलिमीटरला दोन म्हणजे प्रमाण काढलं तर..."

"प्रमाण मला शिकवू नकोस. तुला प्रमाण घरी बसवून मीच शिकवलंय, आणि तू नापास झाला होतास."

"अहो बाबा, तुम्ही तरी बोला ना!"

"मी कशाला बोलू? तुझं वेगळं राज्य आहे. गच्चीवर."

"माझे कपडे..."

"थांबा!" वायरमन ओरडला. "सोपं करू. तिन्ही दिवे एकदम लावू. तीन कोपऱ्यांत. मोठी आत्या ज्या दिव्याकडे आपोआप तोंड करेल, तो जिंकला. सूर्यफूल करतं तसं."

कुणीतरी हसायला हवं होतं. पण चार तास भांडल्यासारखी तोंडं झाली होती, आणि थकलेल्या माणसांना कुठलीही पद्धत शास्त्रशुद्ध वाटते. धाकटीने नियमांच्या कागदाखाली हाताने कलम वाढवलं.

"या वायरिंगला झेपेल का?" सुनेने विचारलं.

"मी स्वतः केलंय," वायरमन म्हणाला आणि बटण दाबलं.

*

फट् असा आवाज झाला, आणि काळोख. घोंगडी, गोदामाची भिंत, दाराला टेबल. दुपारी साडेचारला त्या खोलीत स्वतःचा हात दिसेना.

"जागचं कुणी हलायचं नाही!" धाकटीचा आवाज आला. "वायरी पसरल्यात!"

"फोन काढ, उजेड करतो."

"डबा सापडत नाहीये."

"तू त्याच्यावर बसली होतीस ना?"

"मगाशी उठले होते. कुणाचा पाय आहे हा?"

"माझा. आणि त्याला हात नका लावू," सून म्हणाली.

"फ्यूज कुठेय?" वायरमन कुठल्यातरी फर्निचरला धडकला. "आई गं!"

"दोन पावलं मागे ये," थोरली म्हणाली. "आता डावीकडे तीन. हाताला कपाट लागेल. त्याच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर पेटी. झाकणाचा खिळा सुटलाय, सांभाळ."

"लागली, लागली. तार जळलीय, नवीन गुंडाळावी लागेल. अंधारात वेळ लागेल."

"लागू दे," थोरली म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला होता.

चष्मेवाला जिथे होता तिथे भिंतीला टेकला. काळोखात माणसाला नको ते ऐकू येतं. त्याला धाकटीचा श्वास ऐकू आला, मुलाच्या पुटपुटलेल्या शिव्या ऐकू आल्या. आणि त्या सगळ्याखाली एक बारीक टकटक. मण्यांवर मणी, लाकडावर शिंग. टिक-टिक, टिक. टिक-टिक, टिक. मगाशी तिन्ही दिव्यांखाली ही टकटक अडखळत होती. आता ती पळत होती.

त्याला आधी वाटलं, घड्याळ. मग आठवलं, सुनेच्या हातातलं स्टॉपवॉच बिनआवाजाचं आहे.

"झालं!" मुलगा म्हणाला, आणि बोगद्यातला नि भिंगाचा दिवा त्याने आधीच काढून ठेवला असल्याने फक्त हिरव्या टोपीचा दिवा लागला.

सगळे डोळे चोळत होते. चष्मेवाल्याने बहिणीकडे बघितलं. तिचे हात चालूच होते. चष्मा नाकावर नव्हता. तो घडी घालून, डबीत ठेवून, डबीचं झाकण लावून, तांब्याशेजारी ठेवला होता. दिवा लागल्याचं तिच्या लक्षात यायला दोन फुल्या आणि एक पीळ लागला. मग तिने सावकाश डबी उघडली आणि चष्मा चढवला.

"अठरा मिनिटं," सून स्टॉपवॉच बघून म्हणाली. "माझ्याकडून थांबवायचं राहिलं."

"म्हणजे फेरी धरावी लागेल," धाकटी नाइलाजाने म्हणाली. नियम तिचे होते. "दादा, मोज."

तो उशीवर वाकला. भिंग डोळ्याला लावलं. त्याचं तोंड थोरलीच्या कानाशी आलं.

"कधीपासून?" तो कुजबुजला.

"लेस मोज."

"ताई. कधीपासून?"

"मागच्या चष्म्याच्या आधीपासून."

"मग मागचा चष्मा कशाला करून घेतलास?"

"तू इतक्या हौसेने फ्रेम दाखवत होतास."

भिंगात सगळं धूसर झालं. त्याने ते पुसलं. भिंग स्वच्छच होतं.

"डॉक्टर..."

"झाले. दोन झाले. उपाय नाही."

"मग माझ्याकडे चल. मी बघेन तुझं."

"तुझ्या घरात दारं किती आहेत रे?"

तो बोटांवर मोजू लागला.

"इथे एक आहे," ती म्हणाली. "इथे मी आंधळी नाही. तुझ्याकडे येईन त्या दिवशी होईन."

"कसली कुजबुज चाललीय?" धाकटी म्हणाली. "परीक्षकाने परीक्षार्थीशी बोलायचं नाही."

"तू म्हणालीस ती माध्यम आहे," चष्मेवाला म्हणाला. तो सरळ झाला, त्याची कंबर करकरली. लेसमध्ये एक चूक होती. तिसऱ्या ओळीत एक पीळ कमी, तिथे जाळीला उंदराच्या डोळ्याएवढं भोक पडलं होतं. चाळीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता, तुम्हाला काय दिसतंय ते खरं खरं सांगा. "एकतीस मिलिमीटर," तो म्हणाला. "चुका शून्य."

"अशक्य. दाखव."

धाकटी वाकली. तिचं नाक उशीला टेकलं. बरोबर भोकावर तिची नजर स्थिरावली.

"हं," ती शेवटी म्हणाली. "लख्ख आहे. एकही नाही."

"पण मग जिंकलं कोण?" वायरमनने विचारलं.

सुनेने नियमांचा कागद उचलला आणि दातांची पावती वाचावी तसा वाचला. "ज्या प्रकाशयोजनेखाली सर्वांत जास्त आणि बिनचूक लेस होईल, ती कायमची लागू." तिने वर बघितलं. "एकतीस मिलिमीटर काळोखात झाली."

"काळोख ही प्रकाशयोजना नाही," धाकटी म्हणाली.

"घोंगडी तुम्हीच ठोकलीत, आत्या. योजना तुमचीच आहे."

"आणि काळोख कुणाच्या घरचा?"

"इथला," चष्मेवाला म्हणाला. "आमच्या गल्लीत रस्त्याचा दिवा आहे, काळोख होतच नाही. तुझा व्हरांडा काचेचा. गच्चीचं तर बोलूच नका. असला काळोख फक्त या खोलीत आहे. सह्या सगळ्यांच्या आहेत."

धाकटीने कागद परत घेतला. पुन्हा वाचला. आयुष्यात तिने स्वतः केलेला नियम कधी मोडला नव्हता, म्हणून तर तिचा नवरा पत्र टाकायला गेला होता. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग नीट अंमलबजावणी व्हायला हवी. अर्धवट काळोख मला चालणार नाही."

*

अंमलबजावणी झाली. घोंगडीला चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या. वायरमनने होता तो बल्बही काढून नेला आणि होल्डरवर टेप मारला. दाराखालच्या फटीला सुनेने जुना टॉवेल गुंडाळून लावला. आत जाताना फोन बाहेर ठेवायचा, अशी पाटी धाकटीच्या अक्षरात दारावर लागली. सगळी माणसं गंभीरपणे, एकमेकांवर लक्ष ठेवून, एका बाईच्या खोलीत उजेड शिरू नये म्हणून झटत होती. थोरलीला हसू आवरत नसे, पण आता ते कुणाला दिसायची भीती नव्हती.

भेटायला येणाऱ्यांची मात्र दैना झाली. वायरमनचं कपाळ कपाटावर आपटलं. सुनेने तांब्या लाथाडला. चष्मेवाला शहाणा, तो दारातच हात पुढे करून थांबायचा.

धाकटी पुढच्या बुधवारी शाळा सुटल्यावर आली. दार उघडून आत शिरली, दार लावलं, आणि तिथेच थांबली. इतकी वर्षं ती ज्या खोलीत शिरायची ती अख्खी खोली उभी राहायची. इथे कुणी उभं राहिल्याचं तिला दिसलं नसतं.

"ताई?"

"आहे. ये."

"मला काही दिसत नाहीये." हे वाक्य तिने कधी कुणाला म्हटलं नव्हतं. घरीही, रिकाम्या घरीही, ती दिवे लावून ठेवायची, सगळे.

"दिसायला कशाला हवंय? सरळ चार पावलं. पाय उचलून, पुढे उंचवटा आहे. आता थांब. डावीकडे खुर्ची आहे, पण ती तुला सापडायची नाही." टकटक थांबली. "हात दे."

"कुठे?"

"पुढे कर नुसता. मी घेते."

धाकटीने हात पुढे केला. काळोखात खरखरीत, टाचण्या टोचटोचून घट्ट झालेल्या बोटांनी तो पहिल्या झटक्यात पकडला, वळवला, एक पाऊल पुढे, अर्धं पाऊल बाजूला, आणि ती खुर्चीत बसली.

"बसलीस?"

"बसले."

"मग सोड आता. मला दोन्ही हात लागतात."

"हो," धाकटी म्हणाली, आणि सोडला नाही. थोरलीनेही पुन्हा सांगितलं नाही. त्या दुपारी लेस एक मिलिमीटरही पुढे गेली नाही.